चर्चा: इव्हेंट लूप असताना थ्रेड आणावेत का?

तापीकाठ: रावेर-यावलच्या केळीबागांतले ठिबकचे व्हॉल्व्ह आणि ओलाव्याचे सेन्सर सांभाळणारा सर्व्हर घ्या. हजारभर टीसीपी (नेटवर्क) कनेक्शन, पायथनचा असिंकआयओ इव्हेंट लूप (एकाच थ्रेडमध्ये, म्हणजे कामाच्या एकाच धाग्यात, सगळी कनेक्शन आळीपाळीने सांभाळणारा फेरा), नोंदी एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये. माझं मत: ब्लॉक करणारं (लूपला अडवून धरणारं) काम वेगळ्या थ्रेडमध्येच टाका, पण सॉकेटला (कनेक्शनच्या टोकाला) हात लावायचा तो फक्त लूपच्या थ्रेडने. इतर थ्रेडमधून लूपला काही सांगायचं तर कॉल_सून_थ्रेडसेफ वापरा. नुसतं कॉल_सून केलं तर कॉलबॅक (लूपने नंतर चालवायचं फंक्शन) रांगेत जातो, पण ईपोलमध्ये (सॉकेटवर काही येण्याची वाट बघणाऱ्या लिनक्सच्या सोयीत) झोपलेल्या लूपला कोणी उठवत नाही. रात्री सेन्सर गप्प असतात. मग ‘व्हॉल्व्ह बंद कर’ हा हुकूम पुढचं पॅकेट येईपर्यंत पडून राहतो आणि बागेत पाणी चालूच. थ्रेडसेफ प्रकार लूपच्या आतल्या सॉकेटवर एक बाइट लिहून त्याला जागं करतो. दिवसाच्या वर्दळीत हा दोष दिसत नाही, म्हणूनच चाचणीतून निसटतो.

धुळेकर: एवढं लक्षात ठेवण्यापेक्षा लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) लावा ना भो. कनेक्शनच्या यादीला एक, सॉकेटवर लिहिण्याला, म्हणजे राइटला, एक. नवख्यालाही कोड कळतो.

तापीकाठ: भाऊ, इथे लॉकने भागत नाही. एखादा थ्रेड लॉक धरून डिस्कवर 300 मिलिसेकंद अडकला आणि तेवढ्यात लूपने तोच लॉक मागितला, की सगळी कनेक्शन तेवढा वेळ ठप्प. शिवाय ट्रान्सपोर्टचा (कनेक्शन सांभाळणाऱ्या असिंकआयओच्या भागाचा) बफर, म्हणजे पाठवायचे राहिलेले बाइट, लूप स्वतः रिकामा करतो, तो तुमचा लॉक विचारत नाही. अर्धवट गेलेल्या पॅकेटमध्ये भलतेच बाइट घुसू शकतात. असिंकआयओचे स्वतःचे लॉक आणि क्यू (रांगा) तर थ्रेडसेफ, म्हणजे अनेक थ्रेडमधून वापरायला सुरक्षित, नाहीतच.

बोरीकाठ, अमळनेर: मला दोघांचंही पटत नाही. खरा धोका थ्रेडपूलचा (कामं वाटून घेणाऱ्या ठरावीक थ्रेडच्या ताफ्याचा) आहे. पायथन 3.8 पासून डिफॉल्ट पूल म्हणजे प्रोसेसरचे कोअर अधिक 4 एवढे थ्रेड, कमाल 32. दोन कोअरच्या मशीनवर सहाच थ्रेड! सहा क्वेरी अडकल्या की लूपचं डीएनएससुद्धा (नावावरून नेटवर्क पत्ता शोधणं) थांबतं, कारण ते करणारं गेटअ‍ॅड्रइन्फो त्याच पूलमध्ये चालतं. वेट_फॉरने टाइमआउट (थांबायची मुदत) दिला तरी आतला थ्रेड मरत नाही, जागा अडवून बसतो. डेटाबेसचं काम वेगळ्या प्रोसेसमध्ये (स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) न्या आणि सॉकेटवरून बोला. लूपमध्ये थ्रेड नकोच.

तापीकाठ: डीएनएसचा मुद्दा मान्य. पण त्यावर उपाय वेगळा पूल आहे, वेगळी प्रोसेस नव्हे. एसक्यूलाइटसाठी एकाच वर्करचा एक्झिक्युटर (एकाच थ्रेडचा पूल) ठेवा आणि डेटाबेसचं कनेक्शन त्याच्या इनिशियलायझरमध्ये (तो थ्रेड सुरू होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) उघडा. पायथनचं एसक्यूलाइट कनेक्शन मुळात दुसऱ्या थ्रेडला नकारच देतं. डेटाबेसच्या लॉकसाठी थांबायचा डिफॉल्ट वेळ 5 सेकंद आहे, तो टाइमआउट तिथेच कमी करा. काम पूलकडे द्यायच्या आधी सेमाफोर (एका वेळी किती कामं आत सोडायची याची मर्यादा) लावा, नाहीतर एक्झिक्युटरची रांग मेमरी खात सुटते. प्रोसेस हवी ती शुद्ध आकडेमोडीला, तिथे जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारा पायथनचा आतला लॉक) आड येतो.

बोरीकाठ, अमळनेर: आणि कोणी रन_कोरूटीन_थ्रेडसेफ (दुसऱ्या थ्रेडमधून लूपला काम देणारं फंक्शन) करून लूपच्याच थ्रेडमध्ये थांबून रिझल्ट मागितला तर? लूप स्वतःचीच वाट बघत कायमचा अडकतो. माणसं हे करतातच. प्रोसेस वेगळी असली तर ही वाटच बंद होते.

धुळेकर: राइटचा लॉक काढतो. पण असली चूक पकडायची कशी?

तापीकाठ: पायथनअसिंकआयओडीबग हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 1 करून चालवा. चुकीच्या थ्रेडमधून कॉल_सून केलं की तिथेच रनटाइमएरर येतो आणि 100 मिलिसेकंदांपेक्षा जास्त अडलेला कॉलबॅक लॉगमध्ये दिसतो. लूपच्याच थ्रेडमध्ये रिझल्ट मागायची चूक मात्र यात पकडली जात नाही, तिथे बोरीकाठ यांचं म्हणणं खरं आहे. रिझल्टला नेहमी टाइमआउट द्या.