लॉस एंजेलिसमध्ये डोनट कुठे खावेत, आणि घरी बिनअंड्याचे कसे करावेत?

साखरपेरणी

मंडळी, नमस्कार.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही हिवाळ्यात पुण्याहून टॉरन्सला आलो. मी पक्की डोनटवेडी आहे. पुण्यात मॅड ओव्हर डोनट्सवर भागवायचे. इथे मात्र प्रत्येक चौकात एक डोनटचं दुकान, आणि काचेमागे इतके प्रकार की नेमकं काय मागावं हेच सुचत नाही. ओल्ड फॅशन्ड, बटरमिल्क बार, क्रलर, फ्रिटर... यात फरक काय, कुणी नीट सांगेल का?

विचारायचंय ते असं:

१. मुद्दाम वाट वाकडी करून जावं अशी दुकानं कुठली?

२. एप्रिलमध्ये सासूबाई येतायत. त्यांना गोडाची आवड माझ्याइतकीच, पण अंडं अजिबात चालत नाही. बाहेर काय खायला घालू?

३. मी घरी बिनअंड्याचे डोनट करते. गरम असताना छान लागतात, पण संध्याकाळपर्यंत चिवट होतात. मैदा, दूध, बटर, साखर, यीस्ट असं साधंच प्रमाण आहे. मऊपणा टिकायला काय करावं?

---

पहाटपाखरू

साखरपेरणी, स्वागत आहे! या विषयावर मी कितीही बोलू शकतो.

दुकान कुठलं यापेक्षा तुम्ही किती वाजता जाता हे जास्त महत्त्वाचं. इथली छोटी दुकानं मध्यरात्रीनंतर तळायला बसतात, पहाटे चार-पाचला उघडतात आणि दुपारपर्यंत माल संपवून बंद होतात. सकाळी सहा-साडेसहाला गल्लीतल्या कुठल्याही बऱ्या दुकानातला साधा ग्लेझ्ड डोनट नावाजलेल्या दुकानातल्या दुपारच्या डोनटला सहज मागे टाकतो. वरचा साखरेचा पापुद्रा दाताखाली तडकतो आणि आतला भाग जिभेवर विरतो. दहानंतर तीच साखर ओलावा सुटून चिकट होते. म्हणून पहिलं काम म्हणजे घराजवळचं दुकान पहाटे गाठा.

आता प्रकार. मुळात दोनच घराणी आहेत: यीस्टने फुगवलेले आणि बेकिंग पावडरवरचे. ग्लेझ्ड, मेपल बार आणि जॅम किंवा क्रीम भरलेले डोनट यीस्टचे. हलके आणि जाळीदार. ओल्ड फॅशन्ड आणि बटरमिल्क बार दुसऱ्या घराण्यातले. आतून दाट, बाहेरून कुरकुरीत. ओल्ड फॅशन्ड जरा कमी तापलेल्या तेलात तळतात, त्यामुळे त्याला भेगा पडतात आणि त्या भेगांत साखर जाऊन बसते. माझा सगळ्यात आवडता तोच. ॲपल फ्रिटर म्हणजे यीस्टच्या पिठात सफरचंदाचे तुकडे आणि दालचिनी घालून ओबडधोबड तळलेला मोठा तुकडा. फ्रेंच क्रलर या दोन्हींत बसत नाही, त्याचं पीठ आधी शिजवून मग अंड्यात फेटतात. सासूबाईंना तो अजिबात देऊ नका.

वाट वाकडी करण्याजोगी ठिकाणं:

ग्लेनडोराचं द डोनट मॅन. रूट ६६ वर आहे, १९७२ पासून चालू. स्ट्रॉबेरीच्या हंगामात ग्लेझ्ड डोनट मधोमध चिरून त्यात ताज्या, अख्ख्या स्ट्रॉबेरी ठासून भरतात. दोन्ही हातांत धरून खावा लागतो, आणि तरी रस मनगटापर्यंत येतोच. उन्हाळ्यात हेच पीचचं करतात. आत्ता स्ट्रॉबेरीचा हंगाम आहे, चुकवू नका.

इंगलवूडचं रँडीज. छपरावर अवाढव्य डोनट असलेली १९५० च्या दशकातली इमारत, विमानतळाजवळच. सासूबाईंना आणायला जाताना वाटेवरच पडेल.

थर्ड आणि फेअरफॅक्सच्या जुन्या फार्मर्स मार्केटमधलं बॉब्ज. तिथे साधा केक डोनट आणि कॉफी घेऊन निवांत बसावं.

आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातली बहुसंख्य छोटी दुकानं कंबोडियन कुटुंबांची आहेत. टेड नॉय हे गृहस्थ १९७५ मध्ये निर्वासित म्हणून इथे आले. एका साखळी दुकानात काम शिकले, १९७७ मध्ये ला हाब्रा इथे स्वतःचं दुकान घेतलं आणि मग मागून येणाऱ्या आपल्या लोकांना एकेक दुकान लावून दिलं. मालक-मालकीण पहाटे तळतायत, मुलं गल्ल्यावर गृहपाठ करतायत, अशी कित्येक घरं या धंद्यावर उभी राहिली. तुम्हाला जागोजागी दिसणारे गुलाबी खोके याच दुकानांमुळे इथे रुळले; पांढऱ्यापेक्षा ते स्वस्त पडायचे. दुकानाची पाटी साधी असली तरी बिनधास्त आत जा. रोख पैसे जवळ ठेवा.

---

नीलाक्षी_र

सासूबाईंसाठी: हायलंड पार्कचं डोनट फ्रेंड. सगळा माल व्हीगन, म्हणजे अंडं नाही आणि दूधही नाही. माझ्या आईला तिथे नेलं तेव्हा तिला पहिल्यांदाच कुणाला काही न विचारता हवं ते बोट दाखवून मागता आलं, खूश झाली.

बाकी दुकानांत "अंडं आहे का" एवढं विचारून भागत नाही. तयार मिश्रणात अंड्याची पावडर असू शकते. बव्हेरियन क्रीममध्ये अंडं असतं आणि मार्शमॅलोमध्ये जिलेटिन. कशात तळता हेही विचारा. बहुतेक ठिकाणी वनस्पतीजन्य शॉर्टनिंगच (डालड्यासारखी घट्ट चरबी) असतं, पण खात्री केलेली बरी. मिश्रणाच्या पोत्यावरची घटकांची यादी दाखवाल का, असं नीट विचारलं तर दुकानदार आनंदाने दाखवतात.

---

आंबवण

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते. नाशिकला माझी छोटी बेकरी आहे आणि आमच्याकडे सगळे डोनट बिनअंड्याचेच असतात.

अंडं काढलं की पिठातली स्निग्धता कमी होते, शिवाय पाणी आणि चरबी एकजीव ठेवणारा घटकही जातो. म्हणून तुमचा डोनट लवकर कोरडा पडतो. त्यावर माझ्या अनुभवात सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे उकडलेला बटाटा. शिजलेल्या बटाट्याचा स्टार्च पाणी धरून ठेवतो आणि डोनट दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. बटाट्याची चव अजिबात येत नाही. तुमच्या अमेरिकेत हा जुनाच प्रकार आहे. १९४० मध्ये सॉल्ट लेक सिटीत पेल्टन बंधूंनी बटाट्याच्या डोनटची 'स्पडनट' नावाची अख्खी साखळी काढली होती.

प्रमाण घ्या: ब्रेड फ्लोअर ४०० ग्रॅम, उकडलेला बटाटा १५० ग्रॅम, कोमट दूध १६० मिली, साखर ६० ग्रॅम, बटर ६० ग्रॅम, मीठ ७ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम. चिमूटभर जायफळ हवंच, त्याशिवाय डोनटला तो ओळखीचा वास येत नाही.

बटाटा सालासकट उकडा म्हणजे पाणी पीत नाही. गरम असतानाच सोलून चाळणीतून घासून घ्या, एकही गुठळी राहू देऊ नका, आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम बटाटा पिठात गेला तर यीस्ट मरेल. दुधातलं दोन-तीन चमचे हातचं राखा, कारण प्रत्येक बटाट्याचा ओलावा वेगळा. बटर सोडून सगळं एकत्र भिजवा, मग मऊ बटर थोडं थोडं घालत दहा-बारा मिनिटं चांगलं मळा. पीठ हाताला चिकटेल, पण वरून मैदा भुरभुरवू नका. मळत राहिलं की आपोआप सुटतं. चिमूटभर पीठ दोन्ही हातांनी ताणलं आणि फाटायच्या आधी पलीकडचा उजेड दिसला, की झालं.

आता तासाभरात दुप्पट फुगवून लगेच करता येईल. पण मी सांगेन की झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. चव खुलते, आणि गार पीठ लाटायला व कापायला सोपं जातं.

सकाळी सव्वा सेंटीमीटर जाड लाटा, साडेसात सेंटीमीटरच्या वाटीने कापा, मधे छोट्या झाकणाने भोक पाडा. प्रत्येक डोनट बटर पेपरच्या वेगळ्या चौकोनावर ठेवा. फुगलेला डोनट बोटांनी उचलला की त्यातली हवा जाते आणि तो तेल पितो. कागदासकट तेलात सोडायचा. क्षणभरात कागद सुटतो, तो चिमट्याने काढून घ्यायचा.

दुसऱ्यांदा फुगायला खोलीच्या उबेनुसार पाऊण तास ते सव्वा तास लागतो. घड्याळाकडे बघू नका, बोटाने हलकेच दाबून बघा. खळगा चटकन भरला तर थांबा. हळूहळू आणि अर्धवट भरला तर तळा. तसाच राहिला तर जास्त फुगलंय, लगेच तळून टाका.

तेल १७५ ते १८० अंश सेल्सिअस, तुमच्या थर्मामीटरवर ३५० ते ३५५ फॅरनहाइट. एका बाजूने मिनिट-सव्वा मिनिट. नीट फुगलेला डोनट तेलावर उंच तरंगतो, त्यामुळे मधला पट्टा तेलाला लागतच नाही आणि कडेने पांढरी रेघ उमटते. ती दिसली की समजायचं, जमलं.

---

दुधाळ

आंबवणताई, बटाट्याऐवजी पीठ शिजवून घालायची जपानी-चिनी पद्धत जास्त सोपी नाही का? मी २५ ग्रॅम मैदा १२५ मिली दुधात घोटून खिरीसारखा दाट करतो आणि गार करून पिठात घालतो. हे मैदा-दूध एकूण प्रमाणातूनच वजा करायचं. उकडणं नाही, चाळणं नाही.

---

आंबवण

@दुधाळ, तुमची पद्धत उत्तमच आहे, पावाला मी तीच वापरते. तत्त्व एकच आहे, शिजलेला स्टार्च पाणी धरतो. पण डोनटला मला बटाट्याचा खुसखुशीतपणा आवडतो. शिजवलेल्या पिठाचा डोनट जरा ओढून तोडावा लागतो, आणि साखरपेरणीची तक्रार चिवटपणाचीच आहे. तिने दोन्ही करून बघावेत.

---

मिशिगनकर

धागा एलएचा आहे, तरी राहवत नाही. डोनटवेड असेल तर कधीतरी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इकडे या. इथे सफरचंदाचा रस काढणाऱ्या सायडर मिल असतात. आमच्या रोचेस्टर हिल्सची येट्स मिल १८६३ पासूनची. रस आटवून पिठात घालतात, गरम डोनट दालचिनी-साखरेत घोळवून कागदी पिशवीत देतात, आणि बरोबर गार सायडर. हवेत गारठा, हातात गरम पिशवी. आमची मुलं वर्षभर त्या एका रविवारची वाट बघतात.

---

सुगरण_पण_घाईत

एअर फ्रायरमध्ये होतील का? तेल टाळायचंय.

---

पहाटपाखरू

@सुगरण_पण_घाईत, होतं ते गोड पाव. वाईट नाही लागत, वरून बटर लावून दालचिनी-साखर घातली तर नाश्त्याला छानच. पण डोनटचं ते पातळ, सोनेरी कवच गरम तेलातच येतं. मी तरी म्हणेन, महिन्यातून एकदाच खा, पण तळलेलाच खा.

---

नीलाक्षी_र

साखरपेरणी, सासूबाई जूनपर्यंत आहेत का? जूनच्या पहिल्या शुक्रवारी इथे डोनट डे असतो, बरीच दुकानं एकेक डोनट फुकट देतात. १९१७ मध्ये साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेच्या बायकांनी फ्रान्समध्ये आघाडीजवळ अमेरिकन सैनिकांना डोनट तळून खाऊ घातले होते. सामान अपुरं, सोय काहीच नाही, तरी बाटलीने लाटून तळत राहिल्या. १९३८ पासून शिकागोत त्यांच्या सन्मानार्थ हा दिवस सुरू झाला. मला या दिवसाचं फार अप्रूप वाटतं.

---

साखरपेरणी

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! सासूबाई जुलैपर्यंत आहेत, म्हणजे डोनट डे नक्की.

आज पहाटे सहाला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. ओल्ड फॅशन्ड घेतला, अजून कोमट होता. पहाटपाखरू, भेगांतल्या साखरेबद्दल तुम्ही लिहिलंत ते शब्दन्‌शब्द खरं. दुकानातल्या काकूंनी वर एक डोनट होल, म्हणजे डोनटच्या मधल्या भोकाचा छोटा गोळा, हातावर ठेवलं.

येत्या शनिवारी ग्लेनडोरा, रविवारी बटाट्याचे डोनट. आंबवणताई, दोन शंका. ग्लेझचं प्रमाण काय? आणि उरलेल्या तेलाचं काय करू?

---

आंबवण

अगं, ग्लेझ सोपं आहे. पिठीसाखर २५० ग्रॅम, गरम दूध तीन-चार मोठे चमचे, वितळलेलं बटर एक चमचा, चिमूट मीठ, व्हॅनिला. चमच्यावरून संथ धार पडेल इतपत पातळ ठेव. डोनट काढल्यावर मिनिटभर जाळीवर निथळू दे, आणि गरम असतानाच बुडव. गार डोनटवर ग्लेझ जाड बसतं आणि पांढरट दिसतं. सासूबाईंसाठी त्यातच केशर-वेलची घालून बघ, आमच्याकडे दिवाळीत तेच सगळ्यात आधी संपतात.

तेल गार झालं की मलमलच्या कपड्यातून गाळून बाटलीत भर, अंधाऱ्या कपाटात ठेव. अजून एक-दोनदा डोनटसाठीच वापर. त्यात भजी किंवा मासे तळलेस तर पुढच्या डोनटला वास येईल. आणि काळपट झालं, फेस धरायला लागलं की टाकून दे.

---

पहाटपाखरू

शनिवारी ग्लेनडोराला आठच्या आत पोचा, नंतर रांग लांबते. टॉरन्सहून तास-सव्वा तास धरा. स्ट्रॉबेरीवाला तिथेच उभ्याने खायचा, घरी आणेपर्यंत रसाने भिजून मऊ पडतो. घरी न्यायला टायगर टेल घ्या. चॉकलेटचा पीळ घातलेला लांबुळका डोनट आहे, गाडीत व्यवस्थित टिकतो. रविवारचे फोटो टाका.