इंडिया टाकलं की गाडीचं भाडं दीडपट, हा भेदभाव नाही तर काय?

भटक्या नाशिककर: लेकीकडे कॅलिफोर्नियाला चाललोय. सॅन फ्रान्सिस्कोला भाड्याची गाडी बघितली, राहण्याचा देश इंडिया टाकला की जवळपास दीडपट, जावयाने तीच गाडी अमेरिका टाकून दाखवली तर स्वस्त. आपला पासपोर्ट दिसला की लुटायचं! मीही अमेरिकाच टाकणार.

सॅन होजेची सूनबाई: काका, राहवलं नाही म्हणून लिहितेय. पासपोर्टचा संबंधच नाही, माझाही इंडियनच आहे आणि मला स्वस्तच दिसतं. त्या स्वस्तात विमा नसतो हो! इथल्या माणसाच्या स्वतःच्या गाडीची पॉलिसी सहसा भाड्याच्या गाडीलाही चालते, ठोकली तर क्रेडिट कार्डही बरंच उचलतं, म्हणून कंपनी नुसती गाडी देते. बाहेरच्याकडे यातलं काही नसतं म्हणून त्याच्या रेटमध्ये बऱ्याचदा सीडीडब्ल्यू (म्हणजे भाड्याची गाडी ठोकली तर तिच्या नुकसानीची माफी) आणि थर्ड पार्टी आधीच घातलेलं असतं. तुम्ही अमेरिका टाकून गेलात आणि काउंटरवर नाशिक आरटीओचं लायसन्स काढलं की रोजच्या हिशोबाने विमा गळ्यात मारायला बघतील. नाही घेतला तर? दुसऱ्याच्या गाडीच्या नुकसानीला इथे कायद्याने किमान विमा 2024 अखेर 5,000 डॉलरचा होता, आता 15,000. नवी टेस्ला चेपलीत की ते कुठे गेले कळणार नाही, पुढचं तुमच्या खिशातून.

बर्लिनचा खडूस: विम्याचं तुणतुणं सगळीकडे वाजत नाही. युरोपात नुसता देश बदलला की भाव बदलायचे. 2014 ला युरोपियन कमिशनने सहा बड्या कंपन्यांना यावरून झापलं, डिसेंबर 2018 पासून तर असं करायचं नाही हा नियमच आला. अर्थात तो युनियनमधल्या गिऱ्हाइकांसाठी, नाशिककरांसाठी नाही.

वेरूळचा शेजारी: आणि आपण काय करतो? वेरूळला आपल्याला 40 रुपये, परदेशी माणसाला 600. खिडकीशेजारी पाटीच आहे. माझा जर्मन पाहुणा ती वाचून नुसता हसला, मलाच कसंतरी झालं.

भटक्या नाशिककर: ती लेणी आपल्या टॅक्सवर चालतात!

वेरूळचा शेजारी: हो का? श्रीलंकेचा, नेपाळचा माणूस पण 40 मध्येच आत जातो, तो कुठे भरतो टॅक्स, संभाजीनगरात? आणि दुबईतला एनआरआय?

डॉलरवाला बंड्या: लेण्यांचं नाव काढू नका. बायको ओसीआय, म्हणजे पासपोर्ट परदेशी पण मूळची भारतीय असल्याचं सरकारी कार्ड, त्यामुळे तिकीट भारतीयच, पण कार्ड घरी राहिलं. एका ठिकाणी खिडकीवर अस्सल कोल्हापुरीत भांडली, तो म्हणतो ताई, भाषा पटली, कार्ड दाखवा. 600 गेले ते गेलेच, वर दिवसभर माझ्यावर राग.

भटक्या नाशिककर: धागा गाडीचा आहे की लेण्यांचा? ज्याला त्याला आपलीच रडगाणी.

वेरूळचा शेजारी: उत्तर नसलं की धाग्याची आठवण येते.

सॅन होजेची सूनबाई: काका, ठरलं का मग?

भटक्या नाशिककर: ठरलं बाईसाहेब, तुम्हीच शहाण्या. गाडी जावयाच्या नावावर, त्याच्याच पॉलिसीवर. मी हायवेला थोडी चालवेन फक्त, तेवढी परवानगी आहे ना?

सॅन होजेची सूनबाई: कॉन्ट्रॅक्टमध्ये अॅडिशनल ड्रायव्हर म्हणून तुमचं नाव असेल तर. नसताना ठोकलीत तर विम्याचा भरवसा गेला, आणि जावई पण.