टपावरचा लायडार-कॅमेऱ्याचा बॉक्स उन्हात बंद पडतो, थंड कसा ठेवायचा?

रस्तामोजणी_नाशिक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. रस्त्यांच्या सर्व्हेसाठी हॅचबॅकच्या टपावर, क्रॉसबारला बॉक्स बसवला आहे. त्यात ८ वॅटचा लायडार (लेझरने अंतर मोजणारा स्कॅनर), ३-३ वॅटचे दोन कॅमेरे आणि १५ वॅटचा छोटा कॉम्प्युटर आहे. बॉक्स काळ्या एबीएस प्लास्टिकचा, ४० बाय ३० सेंमी. लायडार झाकणातून वर येतो, त्याच्या खाली हादऱ्यांसाठी रबरी बुश आहेत. मागे ८० मिमीचा पंखा. ओझरकडे हायवेला सगळं ठीक चालतं, पण दुपारी द्वारका चौकात अडकलो की लायडार तापून बंद. पेल्टिअर (विजेवर एका बाजूने थंड, दुसऱ्या बाजूने गरम होणारी चकती) लावावा का?

सातपूरकर

पेल्टिअर नको. ३० वॅट उष्णता ओढायला तो स्वतःच ५०-६० वॅट खातो आणि ती सगळी मिळून ८०-९० वॅट गरम बाजूने बाहेर टाकावी लागते. वर पावसाळ्यात थंड बाजूला पाणी सुटतं, ते वेगळंच.

आधी उष्णता येते कुठून ते बघा. तुमच्या उपकरणांची मिळून २९ वॅट. मे महिन्यातलं भर दुपारचं ऊन चौरस मीटरला साधारण १००० वॅट, झाकण ०.१२ चौरस मीटर आणि काळं, म्हणजे नुसत्या उन्हाचे शंभराच्या वर. एकूण १४० वॅट धरा. आतली हवा बाहेरच्यापेक्षा ८ अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर मिनिटाला जवळपास १ घनमीटर हवा खेळवावी लागेल. ८० मिमीचा पंखा मोकळ्यावर तेवढी देतो, पण जाळी आणि फिल्टर लागला की निम्म्यावर येतो. हायवेला वारा ही तूट भरून काढतो, सिग्नलला कोण भरणार?

म्हणून ऊनच अडवा. १ मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा, पांढरं पावडर कोटिंग, झाकणाच्या वर २० मिमी अंतर ठेवून, पुढून-मागून मोकळा. मग पंख्याचं काम निम्म्याहून कमी होतं. फक्त लायडारची नजर सांभाळा: खालची किरणं १५ अंश खाली जात असतील, तर ३० सेंमीवरची पत्र्याची कड लायडारच्या मध्यापासून ८ सेंमीपेक्षा जास्त खाली हवी. नाहीतर प्रत्येक स्कॅनमध्ये पत्राच दिसेल.

अंबड_फॅब्रिकेशन

सावलीचं म्हणणं बरोबर, पण इथे रबरी बुशही नडताहेत. लायडारची बरीचशी उष्णता बुडातून खाली जाते आणि तिथेच तुम्ही रबर घातलंय. ८ मिमी ॲल्युमिनियमची प्लेट मिलिंग करून सपाट घ्या. लायडार तिच्यावर थेट बोल्टने कसा, मध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर, बोल्टला निळं लॉकटाइट (बोल्ट ढिला होऊ न देणारा गोंद). कॅमेरे आणि कॉम्प्युटरही याच प्लेटवर. रबर घालायचं ते प्लेट आणि क्रॉसबारच्या मध्ये. याने लायडार आणि कॅमेऱ्यांचं आपसातलं कॅलिब्रेशनही (एकमेकांशी जुळवलेली जागा-दिशा) हलत नाही.

प्लेटला पावडर कोटिंग करणार असाल तर लायडार आणि हीटसिंक (उष्णता सोडणाऱ्या पातळ पट्ट्यांचा, म्हणजे फिन्सचा ठोकळा) बसायच्या जागा टेपने झाकून घ्यायला सांगा. तो थरही उष्णता अडवतो.

प्लेटच बॉक्सचा तळ करा आणि खालून फिन्स लावा. पंखा बॉक्सच्या बाहेर, फिन्सवर वारा मारणारा, आयपी६७ दर्जाचा (धूळ-पाणी आत न घेणारा). धूळ मग आत जायचं कारणच नाही. निफाड-दिंडोरीच्या शेतरस्त्यांना याचा फार उपयोग. फिन्स टपाला चिकटवू नका. उन्हातल्या टपाचा पत्रा हात ठेववत नाही एवढा तापतो आणि पंखा तीच हवा ओढत बसतो. किमान ५० मिमी मोकळी जागा हवी.

रस्तामोजणी_नाशिक

पंखा बाहेर गेला, तर बॉक्स पूर्ण हवाबंद करू का? जूनमध्ये त्र्यंबक-इगतपुरीकडे काम आहे.

सातपूरकर

अजिबात नको. तापलेल्या बॉक्सवर सर आली की आतली हवा झटकन आकसते आणि ग्लँड (केबल आत येते तिथलं पाणीबंद बूच) किंवा गॅस्केटच्या (झाकणाच्या रबरी पट्टीच्या) बारीकशा फटीतून पाणी आत खेचते. सिलिकॉन कितीही थापलं तरी एक जागा सुटतेच. हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा मेम्ब्रेन व्हेंट मिळतो, तो मागच्या उभ्या बाजूला बसवा. ग्लँड खालच्या बाजूने, आणि केबलला ग्लँडच्या आधी खाली झोल द्या म्हणजे थेंब तिथेच गळेल. केबल डिकीच्या रबरातून आत घ्या. पुढच्या पिलरच्या कव्हरखालून ओढू नका, तिथे कर्टन एअरबॅग असू शकते. टपाला भोक तर पाडूच नका.

गोदाकाठ

प्लेट बसवली की पुढचे बदल करण्याआधी तीन थर्मिस्टर (तापमान मोजणारे सेन्सर) लावा: लायडारच्या बुडाशी, प्लेटवर आणि बाहेर सावलीत. बूड प्लेटपेक्षा १० अंश जास्त असेल तर पेस्ट किंवा बोल्टचा दोष. दोन्ही सारखे, पण बाहेरपेक्षा २० अंश वर, तर वारा कमी पडतोय किंवा ऊन लागतंय. गाडी उन्हात उभी करून, पंखा आणि सगळी उपकरणं चालू ठेवून आकडे स्थिर होईपर्यंत थांबा. चालत्या गाडीतले आकडे फसवतात.

लायडारची मर्यादा बहुधा बाहेरच्या हवेच्या ६० अंशांची लिहिलेली असते. बॉक्सजवळची तापलेली हवा हीच त्याची बाहेरची हवा, हे धरून चला.

टपाच्या वजनाची मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत बघून घ्या. त्यात क्रॉसबारचं वजनही मोजायचं. आणि लष्कराचा देवळाली कॅम्प, नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसच्या भिंतीलगत रेकॉर्डिंग बंद ठेवा.