बजेटमधली रेड ब्लेंड: घरी कशी प्यायची, बाहेर काय मागवायचं?

सीवूड्स_दारावे

नमस्कार मंडळी. नवरा आणि मी, दोघंही व्हिस्की-बिअरवाले नाही, पण हल्ली रेड वाईनची थोडी गोडी लागलीये. शुक्रवारी रात्री पोरगं झोपलं की एकेक ग्लास, फार तर दीड, बास. बजेट म्हणाल तर बाटलीला हजार, अगदीच ओढून बाराशे, त्याच्यावर गेलं की घरात ईएमआयचा विषय निघतो.

सुलाची शिराझ कॅबर्ने, म्हणजे या दोन द्राक्षांची मिळून केलेली ब्लेंड, दोघांनाही आवडते. मधे एकट्या कॅबर्नेची एक बाटली आणलेली ती मात्र घशाखाली जाईना, नुसती तुरट. तेव्हापासून आपल्याला ब्लेंडच झेपतं असं ठरवून टाकलंय, पण का झेपतं ते काही कळलेलं नाही.

आता खरी भानगड. बेलापूरला एका ठिकाणी ऑफिसची पार्टी होती, तिथे हीच घरी आवडणारी वाईन ग्लासवर मागवली तर कोमट आणि वासाला चक्क व्हिनेगर. वेटरला म्हटलं तर म्हणे मॅडम रेड वाईन अशीच असते. असते का अशीच?

आणि दोघांत बाटली एका बैठकीत संपत नाही, उरलेल्या अर्ध्या बाटलीचं काय करता तुम्ही लोक? फ्रीजमधे ठेवते तर सासूबाई तोंडाने काही बोलत नाहीत, पण शेजारची कोकम सरबताची बाटली उचलून खालच्या खणात नेऊन ठेवतात, म्हणजे काय ते समजून घ्यायचं. सोबत खायला काय तेही सांगा, चीज-बीज ठीक आहे पण आमच्याकडे सुट्टीचं जेवण म्हणजे मटण नाहीतर मासे.

घोडबंदरचा_त्रस्त

अजिबात अशी नसते ताई. रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यावी असं जे सगळे सांगत सुटतात ना, ती रूम युरोपातली, १६-१८ डिग्रीची. आपल्याकडे मे महिन्यात रात्री अकरा वाजताही हॉलमधे तीसच्या वर असतं, त्या तापमानाला चांगल्यातली चांगली रेड ओतलीत तरी आधी अल्कोहोलचा भपकारा नाकात जातो आणि फळाचा वास कुठल्या कुठे जातो.

उघडायच्या आधी अर्धा तास फ्रीजमधे, दाराच्या कप्प्यात नको, आतल्या खणात आडवी. पण तिथेच विसरूनही जाऊ नका, बिअरसारखी गार केली की तुरटपणा उलट वाढतो. आधीपासून फ्रीजमधे असेल तर वीसेक मिनिटं आधी बाहेर काढायची. विश्वास नसेल तर एकाच बाटलीतून दोन ग्लास भरा, एक ओट्यावर ठेवा, एक फ्रीजमधे गार करा, आणि नवऱ्याला न सांगता प्यायला द्या. आमच्याकडे हा प्रयोग केला तर बायको गार ग्लास हातात घेऊन म्हणाली ही महागातली दिसतेय, आजच का उघडलीस.

दुसरं म्हणजे दुकान बघून घ्या. आमच्या बाजूला एक वाईन शॉप आहे, पश्चिमेकडे तोंड, मालकाने काचेच्या शोकेसमधे रेडच्या बाटल्या उभ्या मांडल्यात आणि दुपारी तीनपासून त्यांच्यावर ऊन. त्यातली एक हातात घेतली तर बूच कडेच्या वर आलेलं आणि फॉइलखालून चिकट ओघळ सुकलेला. उष्णतेने वाईन फुगून बूच वर ढकलते, अशी बाटली फुकट दिली तरी घेऊ नका, आतली वाईन शिजल्यासारखी लागते. जिथे वाईनचा खप आहे, एसी आहे, तिथूनच घ्यायची, आणि लेबलवरचं वर्ष बघायचं. हजाराच्या आसपासच्या ब्लेंड ताज्या प्यायलाच बनवतात, जुनी म्हणजे भारी हे इथे लागू नाही. पाच-सहा वर्षं जुनी बाटली कुणी सूट देऊन खपवत असेल तर ती का उरली हे आधी विचारा.

मिसळ_फर्स्ट

एवढा सोपस्कार करून शेवटी द्राक्षाचा आंबवलेला रसच ना राव. आम्ही गोव्याला गेलो की पोर्ट मागवतो, गोड, गार, वर दोन बर्फाचे खडे, कोणी वर्ष विचारत नाही की वास घेत बसत नाही. ग्लास गोल गोल फिरवणारी माणसं बघितली की मला उगाच घाई होते.

एकेकाळी_बारमागे

मिसळभाऊ, प्या की बर्फ घालून, पोर्ट त्यासाठीच आहे. पण ताईंना गोड नकोय, त्यांना ड्राय ब्लेंड आवडतंय, तो वेगळा प्राणी आहे.

मी आता दुसऱ्या धंद्यात आहे पण बरीच वर्षं हॉटेल लाइनला काढलीत त्यामुळे थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या. तुमच्या ग्लासात काय झालं असणार ते सांगतो. ७५० मिलीची बाटली, १५० मिलीचा पेग धरला तर पाच ग्लास निघतात. जिथे गिऱ्हाईक व्हिस्की-बिअरचं आहे तिथे सोमवारी कोणीतरी एक ग्लास मागितला म्हणून बाटली उघडतात आणि उरलेली बारमागे, बहुतेक कॉफी मशीनच्या शेजारी, शुक्रवारपर्यंत उभी. हवा लागली, उष्णता मिळाली, की बॅक्टेरिया अल्कोहोलचं ॲसेटिक ॲसिड करतात, म्हणजे खरोखरचं व्हिनेगरच. तुमचं नाक बरोबर होतं.

त्यामुळे बाहेर ग्लासवर मागवताना सरळ विचारायचं की बाटली कधी उघडलीये आणि टेबलावर आणून समोर ओता. यात लाजायचं काही नाही, बरे लोक स्वतःहून नवीन उघडतात. उत्तर गोलमाल आलं तर त्या दिवशी बिअर प्या. तिघं-चौघं असाल तर सरळ बाटली घ्या. सुरुवातीला चाखायला घोटभर ओततात ती दोष आहे का बघायला, आवडली का विचारायला नव्हे. व्हिनेगर किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर परत करायची. तो पुठ्ठ्याचा वास बुचातल्या टीसीए नावाच्या रसायनाचा, स्क्रू कॅपच्या बाटलीला ती कटकट जवळपास नसते, म्हणून स्क्रू कॅप म्हणजे हलकी वाईन ही समजूत सोडून द्या. आणि रेड कोमट आली तर बर्फाची बादली मागा. वेटर बघेल तुमच्याकडे, बघू दे.

आता ब्लेंड का झेपतं. तुरटपणा टॅनिनचा, तो द्राक्षाच्या साली-बियांतून येतो. कॅबर्ने सोव्हिन्योंचं द्राक्ष बारीक, साल जाड, म्हणून टॅनिन भरपूर, जांभळं खाल्ल्यावर जीभ जाडसर होते तसं होतं बघा. शिराझ त्यात काळ्या फळाचा भरीवपणा आणि मिरीसारखा झणका घालते, कोपरे झिजतात. फ्रान्सच्या बोर्दोमधे हेच काम मेर्लो नावाची द्राक्षाची जात करते, आणि तिथे कारण नुसतं चवीचं नाही, मेर्लो लवकर पिकते, कॅबर्ने उशिरा, एकाची वाट पावसाने लावली तर दुसरं हाताशी असतं. शिराझ-कॅबर्नेची जोडी मात्र ऑस्ट्रेलियावाल्यांनी गाजवली, आपल्याकडेही तीच रुळली. आणि लेबलवर एकच नाव असलं म्हणजे आत शंभर टक्के तेच असं समजू नका, युरोपात आणि ऑस्ट्रेलियात ८५ टक्के असलं तरी एकट्याचं नाव लावता येतं.

बाटल्यांचं म्हणाल तर तुमची शिराझ कॅबर्ने या पैशात ठीकच आहे, उगाच बदलू नका. कधी जास्त खर्चायचे असतील तर ग्रोवरची ला रिझर्व्ह घ्या, कॅबर्ने-शिराझच, पण फ्रेंच ओक लाकडाच्या पिंपात मुरवलेली. बोर्दोचे वाईनतज्ज्ञ मिशेल रोलाँ सल्लागार होते त्यांचे, ते तिच्यात जाणवतं. दुसरी फ्रातेल्लीची सेत्ते, सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजची, सांजोवेसे हे इटालियन द्राक्ष आणि कॅबर्ने. ही लग्नाच्या वाढदिवसाची वाईन, शुक्रवारची नाही. परदेशीत जेकब्ज क्रीकची शिराझ कॅबर्ने सगळीकडे मिळते. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला, त्यात पाच ते पंधरा डॉलरच्या बाटलीची ड्युटी १५० टक्क्यांवरून १०० वर आणली आणि पुढे टप्प्याटप्प्याने ५० वर यायचीये, तरी आजही परदेशी बाटलीत तुमचे पैसे वाईनपेक्षा करात जास्त जातात. उलट महाराष्ट्रात बनलेल्या वाईनला २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणापासून करात सवलत मिळत आलीये. म्हणून माझं स्पष्ट मत, बाराशेच्या आत असाल तर नाशिक-अकलूजच्या बाहेर जाऊच नका.

नौपाड्याची_लेक

बारमागेदादा +१, बिअर प्या हे तर फारच पटलं.

उरलेल्या बाटलीचं मी सांगते. रात्री अर्धी प्यायची असं आधीच माहीत असतं ना, मग उघडल्या उघडल्या अर्धी वाईन छोट्या काचेच्या बाटलीत अगदी गळ्यापर्यंत भरायची, झाकण घट्ट, फ्रीजमधे. वर हवा उरली नाही की चव टिकते, पुढच्या शुक्रवारपर्यंत जाते आरामात. मोठ्या बाटलीत अर्धी तशीच ठेवलीत तर बूच लावूनही तीन-चार दिवसांपलीकडे जात नाही. छोटी बाटली वरच्या खणात मागे, जॅमच्या बरण्यांआड, सरबत जागेवर राहील. आणि त्यातूनही उतरली तर फेकू नका, मटण परतताना टाका.

खाण्याचं म्हणाल तर मटण सुक्कं उत्तम, पण तिखट निम्म्यावर आणा. मिरचीचा जाळ आणि टॅनिन एकत्र आले की तोंड पेटतं आणि वाईन कडू लागते, तांबड्या रश्श्यासोबत तर नकोच. चरबी आणि प्रोटीन तुरटपणा ओढून घेतात म्हणून खिमा पाव झकास जातो. शाकाहारीत भरली वांगी, शेंगदाण्याचं कूट आणि गोडा मसाला, मला तर चीजपेक्षा तीच आवडतात. पनीर टिक्का बरा. चकली पण चालते, हसू नका.

मासे मात्र नको. सुरमई-बांगड्याबरोबर रेड घेतली की मागून जो उग्र मासळीसारखा वास येतो तो वाईनमधल्या लोहाने येतो, जपानी संशोधकांनी २००९ मधे दाखवलंय. ज्या वाईनमधे लोह जास्त तिथे वास जास्त.

घोडबंदरचा_त्रस्त

माशाचं मान्य नाही. बांगडा तिखलं असेल तर नाही म्हणा, पण रवा लावून तळलेली सुरमई, वर लिंबू, आणि गार केलेली हलकी रेड, आमच्याकडे नेहमी होतं आणि कुणाला कसला वास येत नाही.

नौपाड्याची_लेक

तुमच्या वाईनमधे लोह कमी असेल मग, जपान्यांशी भांडा.

सीवूड्स_दारावे

धन्यवाद सगळ्यांना, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल फ्रीजवाला प्रयोग केला. नवऱ्याने दोन्ही ग्लास पिऊन दोन्ही सारखेच आहेत असं सांगितलं आणि मग गुपचूप गारच संपवला, कोमट माझ्यासाठी ठेवला. तुरटपणा तसाच होता पण टोचत नव्हता आणि ते मिरीचं जे म्हणताय ते पहिल्यांदाच जाणवलं. छोट्या बाटलीचं आज करतेय. आता एकदा नाशिकला वायनरीत जाऊन चाखून यावं म्हणतो, पण गाडी घेऊन गेलो तर एकाला कोरडं राहावं लागणार, त्यावरून आत्ताच वाद सुरू झालाय.

एकेकाळी_बारमागे

गाडी नेऊच नका. सकाळची तपोवन एक्सप्रेस ठाण्याहून पकडा, नाशिक रोडला उतरून रिक्षा-टॅक्सी, संध्याकाळच्या तपोवनने परत. जून २०२५ मधे समृद्धीचा आमणे-इगतपुरी टप्पा सुरू झाल्यापासून गाडीने कसारा घाट चुकतो हे खरंय, पण मग पिणार कोण? टेस्टिंगला घोट घोट देतात, चार-पाच प्रकार होतात, एकट्या शिराझची आणि ब्लेंडची एकापाठोपाठ मागा म्हणजे मी वर जे बडबडलो ते एका मिनिटात कळेल. जायचं तर जानेवारी ते मार्च, तोडणी तेव्हाच असते.

मिसळ_फर्स्ट

आणि सुट्टी आहे म्हणून दोन ऑक्टोबरला जाऊ नका. एक तर ड्राय डे, वर त्या सुमारास वेलींची छाटणी चालू असते. एवढ्या लांब जाऊन काड्या बघून याल.