घरी येणाऱ्या सेल्समनना दारातूनच कसं परत पाठवता? आई दिवसभर एकटी असते

कर्वेनगरची_लेक
नमस्कार मंडळी. आईबाबा कर्वेनगरला जुन्या बिल्डिंगमध्ये राहतात, वॉचमन नाही, खालचं गेट दिवसभर सताड उघडं. बाबा आजारी, अंथरुणावरच असतात आणि मी बाणेरला. सकाळचे ११ वाजले की बेल सुरू. वॉटर प्युरिफायरवाले, इंटरनेटवाले, फिनेल-अगरबत्ती, पायाला मसाज करायचं मशीन, कुठल्यातरी संस्थेचं पावतीपुस्तक घेऊन येणारे, काय वाट्टेल ते. आई स्वभावाने भिडस्त, दार उघडते, उन्हातून आलाय म्हणून पाणी देते, तो बसतो, बॅग उघडतो आणि मग तिला नाही म्हणता येत नाही.

हे सगळं चालवून घेतलं असतं पण मागच्या आठवड्यात एकजण "गॅसच्या चेकिंगला आलोय" म्हणून सरळ स्वयंपाकघरात गेला, शेगडी उलटीपालटी केली, पाइप सडलाय कधीही पेट घेईल म्हणाला, नवीन पाइप आणि आणखी काहीतरी बसवून पंधराशे रुपये घेऊन गेला. पावतीवर एजन्सीचं नाव नाही, नुसता मोबाईल नंबर, तोही लागत नाही. पैशांचं एवढं नाही हो, अनोळखी माणूस आतपर्यंत गेला आणि बाजूच्या खोलीत बाबा झोपलेले, हे डोक्यातून जात नाहीये. आई तेव्हापासून बेल वाजली की दचकते, तिला अजून काही बोलून घाबरवायचं नाहीये. दारावर पाटी लावून फरक पडतो का? आणि तिने नेमकं काय बोलायचं?

शेगडी_मेकॅनिक
ताई, मी बरीच वर्षं एका गॅस वितरकाकडे मेकॅनिक म्हणून होतो म्हणून सांगतो, हा प्रकार खूप चालतो आणि मुद्दाम दुपारी, म्हातारी माणसं घरी असताना. एजन्सीचा माणूस येतो तेव्हा त्याच्याकडे तुमचा ग्राहक क्रमांक असतो. आईंनी दार न उघडता एवढंच विचारायचं, "आमचा ग्राहक नंबर सांगा." आपण सांगायचा नाही, त्याने सांगायचा. खोटा माणूस इथेच अडकतो, "ते ऑफिसला असतं, तुम्ही पुस्तक आणा" वगैरे सुरू करतो. पुस्तक अजिबात हातात द्यायचं नाही. तो आयडी कार्ड गळ्यात घालून येतो त्याला काही अर्थ नाही, कार्ड कुठेही छापून मिळतं. सिलेंडरच्या बिलावर एजन्सीचा फोन असतो, त्यावर विचारायचं माणूस पाठवलाय का, तोपर्यंत तो बाहेर उभा.

आणि येत्या रविवारी जाल तेव्हा त्याने बसवलेला पाइप बघा. चांगला सुरक्षा पाइप नारिंगी असतो, आत तारेची जाळी, वरती आयएसआयचा शिक्का आणि वर्ष छापलेलं असतं, साधारण ५ वर्षं चालतो. शिक्का नसेल किंवा साधा प्लास्टिकसारखा हिरवा-निळा असेल तर लगेच एजन्सीतून बदलून घ्या, हे मात्र पुढे ढकलू नका. गॅसचा वास आला तर १९०६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, तो आईंच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

बीएस्सी_केमिस्ट्री
गॅसचं वर आलंच आहे, मी प्युरिफायरवाल्यांबद्दल लिहिते कारण तो डेमो बघून माझ्या सासूबाईपण हादरल्या होत्या. ते दोन ग्लास घेतात, एकात नळाचं पाणी, एकात त्यांच्या मशीनचं, आणि दोन्हीत एक यंत्र बुडवून वायर लावतात. मिनिटभरात नळाचं पाणी चहासारखं तपकिरी, वर काळा-हिरवा फेस, आणि दुसरं स्वच्छ. "काकू, तुम्ही रोज हे पिताय." तो गाळ पाण्यातला नसतोच! यंत्राच्या कांड्यांमध्ये एक लोखंडाची असते, पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंडच झिजून पाण्यात उतरतं. मशीनच्या पाण्यात क्षार काढून टाकलेले म्हणून वीज वाहत नाही, म्हणून रंग येत नाही. मी त्या मुलाला म्हटलं, तुझ्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ घालते, आता लाव वायर. तेही तसंच तपकिरी झालं. तो काही न बोलता सामान आवरायला लागला.

टीडीएस मीटरचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा, आकडा दाखवूनही घाबरवतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. आपल्या पुण्याला येणारं खडकवासला धरणाचं पाणी मुळातच हलकं असतं, जड पाण्याचा त्रास आहे तो बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांना. आणि हे मीटर नुसते क्षार मोजतं, जंतूंबद्दल काही कळत नाही त्यातून. मशीन घ्यायचंच असेल तर दुकानात जाऊन घ्या, दारात कधीच नको.

दारोदार_फिरलेला
मी ही नोकरी केलीये, कॉलेज सुटल्यावर, म्हणून दुसरी बाजू सांगतो. पगार नावाला, बाकी सगळं कमिशनवर, सकाळी टीम लीडर एरिया वाटून देतो आणि संध्याकाळी किती डेमो झाले ते विचारतो. "नंतर या", "मुलाला विचारून सांगते", "आत्ता नको" याला आम्हाला नकार समजायचाच नाही असं शिकवलेलं असतं, ती घरं वहीत लिहायची आणि परत जायचं. तुमच्या आईंकडे पुन्हापुन्हा येतात त्याचं कारण हेच असणार. पाणी देणाऱ्या घरावर तर खूणच असते.

त्यामुळे आईंना एकच वाक्य पाठ करून द्या, "आम्ही दारावर काही घेत नाही", आणि पुढे एक शब्द नाही. कारण सांगितलं की आम्ही त्या कारणाचं उत्तर देणार, पैसे नाहीत म्हटलं तर हप्ते आहेत, आहे म्हटलं तर जुनं देऊन नवीन घ्या. खरं सांगू, स्पष्ट नाही म्हणणारी घरं आम्हाला आवडायची, उन्हातान्हात वीस मिनिटं वाया जायची नाहीत. त्यात कुणाचा अपमान होत नाही हे आईंना जरूर सांगा, भिडस्त माणसाला तेच वाटत असतं.

पाटीने आमच्यासारखी नवीन पोरं परत फिरायची. फसवायलाच आलेला पाटी वाचत नाही.

सदाशिव_पेठ_३०
वरचं सगळं बरोबर आहे पण दाराला आधी जाळीचं सेफ्टी डोअर आणि आतून साखळी लावा हो! लाकडी दार उघडलं तरी जाळीचं बंदच, बोलणं सगळं त्याच्यातून. आमच्या वाड्याची बिल्डिंग झाली तेव्हा पहिलं काम हे केलं.

आणि पॉलिशवाल्यांपासून सावध. आधी फुकटात पितळेचा तांब्या चकाचक करून देतात, मग जोडवी, पैंजण, मग म्हणतात बांगड्या द्या. ज्या पाण्यात बुडवतात त्यात अ‍ॅसिड असतं, सोनं विरघळून त्यातच राहतं, बांगडी हातात येते ती हलकी होऊन. कधी हळद घातलेल्या डब्यात ठेवून "थोडा वेळ उघडू नका" म्हणतात आणि डब्यात काहीच नसतं. असं कोणी आलं तर वाद घालत बसायचं नाही, दार लावायचं आणि ११२ लावायचा.

शेजारच्या काकूंशी बोलून ठेवा. एकीच्या दारात कोणी चिकटून बसलं की दुसरीने नुसतं बाहेर येऊन "कोण हो, काय काम आहे?" विचारलं तरी निम्मे निघून जातात.

नियम_वाचणारा
एक भर घालतो. नेटवर्कवाल्या, म्हणजे डायरेक्ट सेलिंगच्या कंपन्यांसाठी २०२१ साली केंद्राचे नियम आलेत. ओळखपत्र नसताना आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय त्यांच्या विक्रेत्याने घरी यायचंच नाही असं त्यात आहे. घेतलेल्या वस्तूवरून भांडण झालं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. बुकिंग म्हणून मोबाईलवरून शंभर रुपयेसुद्धा पाठवायचे नाहीत, आणि आलेला ओटीपी दारातल्या माणसाला सांगायचा नाही.

कर्वेनगरची_लेक
मनापासून आभार सगळ्यांचे. पाइप रविवारपर्यंत थांबायला नको म्हणून आजच ऑफिसमधून तिकडे आले, शिक्का नव्हता, वर्षही नाही. सिलेंडर बंद केलाय, एजन्सीला फोन झालाय, उद्या सकाळी माणूस येतोय आणि त्याचं नावसुद्धा त्यांनी आधी सांगितलं. आईला इंडक्शन काढून दिलंय तोपर्यंत. जाळीच्या दारासाठी कर्वेनगर-वारजे भागात कोणी चांगला फॅब्रिकेशनवाला माहीत असेल तर मेसेज करा, लाकडी चौकट जुनी आहे, ती वजन घेईल का हेही त्यालाच बघायला सांगायचंय.

शेगडी_मेकॅनिक
चांगलं केलंत. उद्या नवीन पाइप बसवला की दोन्ही टोकांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते समोर उभं राहून बघून घ्या. फॅब्रिकेशनवाल्याचा मेसेज करतो.