मदत हवी आहे: आईला घेऊन नवरात्रात कळसूबाई, आणि पुढे रतनगड का हरिश्चंद्रगड?

नमस्कार मंडळी,

अकोले-भंडारदरा भागात फिरलेल्यांची आणि तिथल्या राहणाऱ्यांची मदत हवीये. जरा मोठं लिहितेय, कारण नुसतं कळसूबाई जमेल का एवढंच विचारायचं नाहीये.

आईचं आजोळ राजूरचं. लहानपणी सुट्टीत तिथे गेली की आजी अंगणातून डोंगराकडे हात करून कळसूची गोष्ट सांगायची म्हणे. कळसू कोळ्याची पोर, एका घरी कामाला राहिली ती अट घालूनच, की केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही, बाकी सांगाल ते करीन. एक दिवस घरच्यांनी तिला तेच काम लावलं, तिने ते केलं आणि तडक डोंगर चढून गेली ती परत खाली आलीच नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ. आई ही गोष्ट आता माझ्या मुलाला सांगते आणि दर वेळी सांगून झाली की म्हणते, मला एकदा वर जाऊन तिची ओटी भरायचीय, स्वतःच्या हाताने, कोणाबरोबर खण-नारळ पाठवून नाही. आजीचं राहून गेलं, आईचं मला राहू द्यायचं नाहीये.

आई ६४ वर्षांची आहे. रोज तासभर चालते, बीपीची गोळी चालू आहे, डॉक्टरांनी चढायला हरकत नाही म्हटलंय पण उतरताना गुडघे सांभाळा म्हणाले. मुलगा ११ वर्षांचा, त्याची काळजी नाही, तो पुढे पळणार. नवरा गाडी चालवायला आणि सामान उचलायला सोबत आहे. कसाऱ्यापर्यंत लोकल आणि पुढे घोटीमार्गे जीप असंही जाता येतं माहितीये पण आईसाठी गाडीच बरी.

आता अडचण अशी की आईला नवरात्रातच जायचंय, आणि नवरात्रात तिथे जत्रा असते. शिड्यांवर चढणारे आणि उतरणारे एकाच वेळी असले तर तिला घेऊन थांबायचं कुठे? पहाटे अंधारात निघावं का उजाडल्यावर? काही लोक म्हणतात रात्री चढा, ऊन लागत नाही, पण मला आईला टॉर्चच्या उजेडात शिडीवर चढवायचं नाहीये, यात मी चुकत असेन तर सांगा. १६४६ मीटर ऐकायला खूप वाटतं, पायथ्याच्या बारी गावापासून प्रत्यक्ष चढाई किती तासांची धरायची आमच्यासारख्यांनी?

दुसरं, एवढं लांब जाऊन दर्शन घेऊन लगेच परत फिरायचं मनात नाही. मुलाला रतनगडचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, बघायचंय, फोटोत पाहिल्यापासून मागे लागलाय. मला रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ शांतपणे बघायचंय, ते कोरीवकाम अर्ध्या तासात उरकायचं नाही. आणि नवऱ्याला हरिश्चंद्रगडचा कोकणकडा. सगळं एका खेपेत होणार नाही हे कळतंय, म्हणून विचारतेय की आईला झेपेल असं काय?

अजून एक, आणि हे माझ्यासाठी खूप महत्त्वाचं आहे. आम्ही ठाण्यात राहतो, इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगरेंना २ मे १८४८ ला इथल्याच तुरुंगात फाशी दिली, आणि त्यांचं देवगाव अकोले तालुक्यातलं. मुलाच्या वर्गात कोणाला हे माहीत नाही. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंचं देशी बियाणी जपण्याचं कामही तिथलंच. मग त्या गावांमधून जाताना रिसॉर्टवर राहून बुफे खाण्यात मला रस नाही. कोणाच्या घरी योग्य पैसे देऊन नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी असं जेवण आणि पडवीत झोपायला जागा मिळेल का? बोहाड्याचे, म्हणजे देवादिकांची सोंगं नाचवतात त्या उत्सवाचे, मुखवटे बघायला मिळतात का त्या दिवसांत?

जमेल तसं सांगा, आगाऊ आभार.

घाटवाट:
ताई, रात्री चढू नका, तुमचं बरोबर आहे. उजाडताना बारीतून निघा, सोबत आई आहेत तर जायला चार तास धरा, धावपळ नको. शिड्या लोखंडी आहेत, कठडे आहेत, भीती उंचीची कमी आणि गर्दीची जास्त. शनिवार-रविवार आणि अष्टमी-नवमी टाळा, मधला वार धरा. प्रत्येक शिडीच्या पायथ्याशी थांबायला जागा असते, खालून ओरडून विचारायचं, वरचे उतरले की मगच आईंना चढवायचं, मागे तुम्ही आणि पुढे यजमान. घाई करणाऱ्यांना खुशाल पुढे जाऊ द्या. शेवटच्या शिडीच्या आधी विहीर आहे, तिथे निवांत बसा. वाटेत चहा, भजी, लिंबू सरबत मिळतं, गावातल्याच लोकांच्या टपऱ्या आहेत, खाऊ तिथेच घ्या म्हणजे त्यांनाही चार पैसे मिळतात. पण पाणी स्वतःचं भरपूर ठेवा.

उतरताना आईंना शिडीकडे तोंड करून उतरवा. गुडघ्याचा पट्टा आणि काठी हवीच. आणि एक लक्षात असू द्या, जे वर जाऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी खाली वाटेवरही कळसूबाईचं देऊळ आहे. त्या दिवशी पाय नाही म्हणाले तर ओटी तिथे भरता येते, देवी तीच आहे. आईंना हे घरीच सांगून ठेवा, म्हणजे वाटेत मन खट्टू होणार नाही.

प्रवराकाठ:
मी राजूरजवळचाच. मावशींना घेऊन या, आनंद आहे.

रतनगड त्यांच्यासाठी नको. तिथे पुन्हा शिड्या, आणि नेढ्यापर्यंत जायचं म्हणजे वरही बरंच फिरावं लागतं. असं करा, रतनवाडीत मावशी आणि तुम्ही अमृतेश्वरला थांबा, पुष्करणी बघा, आणि यजमानांनी मुलाला घेऊन सकाळी लवकर गडावर जावं, सोबत गावातला वाटाड्या घ्यावा कारण जंगलात फाटे आहेत. त्या दिवसांत सोनकी फुललेली असते, गड पिवळा दिसतो.

हरिश्चंद्रगड मात्र मावशींना जमेल, फक्त पाचनईकडून. राजूरवरूनच रस्ता आहे. शिडी नाही, वाट सरळ आहे, पावसानंतर कातळावर शेवाळ असतं तेवढं सांभाळायचं. खिरेश्वर-टोलारखिंडीची वाट नको, नळीची वाट तर विषयच नाही. वर हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, केदारेश्वराच्या गुहेत पाण्यातली पिंड आणि चार खांबांपैकी शाबूत राहिलेला एकच खांब, हे बघायला मावशींना आवडेल. पाणी बर्फासारखं गार असतं, त्यांना आत उतरवू नका, काठावरून नमस्कार पोचतो. कोकणकड्यावर मुलाचा हात सोडायचा नाही. मुक्कामाचं वनखात्याच्या नाक्यावर आधी विचारा, हे अभयारण्य आहे, नियम बदलतात.

घरगुती जेवण-राहणं बारीत, रतनवाडीत, पाचनईत सगळीकडे मिळतं. आदल्या दिवशी माणसं सांगा म्हणजे भाकऱ्यांचा अंदाज येतो. देवगावचं मुलाला नक्की सांगा, आमच्याकडे राघोजींचं नाव आदराने घेतात. कोंभाळण्याला मात्र विचारून जा, तिथे बायकांचं रोजचं काम चालू असतं.

बोहाडा नवरात्रात नाही, तो उन्हाळ्याकडे. पण मला विचाराल तर दोन खेपा करा. नवरात्रात फक्त कळसूबाई, आणि बाकीचं वाघबारसेला, म्हणजे दसऱ्यानंतर दोनेक आठवड्यांनी, वसुबारसेच्याच दिवशी. त्या दिवशी आमच्याकडे वाघोबाची पूजा असते, गुराख्यांचा सण. गर्दी नसते, आभाळ स्वच्छ असतं, आणि मावशींनी लहानपणी बघितलेलं काहीतरी त्यांना ओळखू येईल.

धागाकर्ती:
घाटवाट, प्रवराकाठ, दोघांचेही मनापासून आभार. खालच्या देवळाचं आईला आत्ताच सांगितलं, ती म्हणाली बघू, पण वर जायचंच. वाघबारस म्हटल्यावर मात्र ती एकदम बोलायला लागली, तिच्या मामाची गुरं, रानातलं देवाचं ठाणं, संध्याकाळी उशिरा परत येणं, हे सगळं मी याआधी कधीच ऐकलं नव्हतं. त्यामुळे दोन खेपांचं पक्कं. नवरात्रात मधल्या वारी कळसूबाई, आदल्या रात्री बारीत मुक्काम, आणि परतताना राजूरचे पेढे. वाघबारसेला पाचनई आणि रतनवाडी.

प्रवराकाठ दादा, एवढंच सांगा, वाघोबाच्या पूजेला बाहेरून आलेल्या बायका चालतात ना, आणि येताना शिधा म्हणून काय आणावं? आई तांदूळ आणि गूळ म्हणतेय. फोटो काढलेले चालत नसतील तर तेही आधीच सांगा म्हणजे मुलाला मोबाईल गाडीत ठेवायला सांगते.