शीतल नावाचे बापे

मुलाला मुलीसारखं नाव ठेवलं तर पोरं चिडवतील, ही भीती मला पटत नाही. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ-हातकणंगल्याकडं शीतल नावाचे जैन बापे गावोगाव भेटतील. दहावे तीर्थंकर शीतलनाथ, त्यांच्यावरून हे नाव. तिथं कुणी हसत नाही. इकडं कोल्हापूर शहरात तेच नाव सर्रास मुलींचं. विमलचंही तसंच, तेरावे तीर्थंकर विमलनाथ.

मला खरं खटकतं ते वेगळंच. मुलीला मुलाचं नाव ठेवलं की घरात कौतुक, पण मुलाला मुलीचं म्हटलं की आजी-आजोबांपासून सगळे नाराज. मुलीच्या नावात कमीपणा कसला? आता तर महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावापुढं सरकारी कागदांवर आईचं नावही लागतंय. मुलासाठी किरण आवडलं असेल, तर बारशाला आत्याला बिनधास्त तेच सांगा.